सड्यावरची गोफण

मृणाल टेंभेकरने शाळेच्या सभागृहात पहिल्यांदा 'गोफण' हा शब्द उच्चारला तेव्हा मागच्या बाकांवरचे पुरुष हसले. गोफणीने भातावरची पाखरं हाकलतात, उपग्रह नाही.

"हसा," मृणालही हसत म्हणाली. ती नागपूरकडची, तिशीच्या आतली, 'नभक्षेप' कंपनीची अभियंता. "पण तत्त्व तेच आहे. रॉकेटचं बहुतेक वजन इंधनाचंच असतं. ते इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. म्हणून ते महाग. आम्ही म्हणतो, पहिला धक्का जमिनीवरूनच विजेने देऊ."

तिने भिंतीवर चित्र दाखवलं. गावाच्या डोक्यावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक प्रचंड पोलादी डबा, तबल्यासारखा चपटा आणि एका कडेवर उभा. आतली सगळी हवा पंपाने काढून टाकलेली. मधोमध कार्बनच्या धाग्यांचा एक लांब हात, आणि त्याच्या टोकाला बाणासारखं टोकदार कवच. हात तासभर फिरत राहतो, वेग वाढत जातो, आणि नेमक्या क्षणी टोकावरची पकड सुटते. कवच डब्याच्या तोंडावरचा पातळ पडदा फाडून समुद्राच्या दिशेने वर जातं. दाट हवा संपली की ते उघडून समुद्रात पडतं आणि आतलं छोटं इंजिन पेटून उपग्रहाला कक्षेत नेतं.

"हवा नसेल तर घर्षण नाही, म्हणून हात इतका वेगाने फिरू शकतो," ती म्हणाली. "पण बाहेर पडताना ते कवच एकदम हवेवर आदळतं. आवाज होईल. मोठा होईल. खोटं सांगणार नाही."

दर्शना खवणेकर पुढच्या रांगेतून उठली. खालच्या वाडीतल्या, म्हणजे समुद्राकाठच्या वस्तीतल्या रापण संघाच्या महिला समितीची ती अध्यक्ष. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं, मग अख्ख्या वाडीने दोन्ही दोरांना लागून ओढायचं आणि जे येईल त्याचे घराघराला वाटे करायचे. दिवस बदलले, होड्या बॅटरीवर चालायला लागल्या, वादळं वाढली; पण कातवेळ गावची रापण टिकून होती. त्यासाठी मासळीच्या थव्याने काठाजवळ यायला मात्र हवं.

"या आवाजाने तारली, बांगडे काठाला येतील?" दर्शनाने विचारलं.

मृणाल म्हणाली, "माहीत नाही. वरच्या थरातला मासा खोल जाईल असं आमच्यातल्या काहींना वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे आमच्यावर करून बघणार."

सभागृहात टाळ्या पडल्या. सरपंचांनी हात वर करून लोकांना शांत केलं. त्या संध्याकाळपासून कातवेळचे दोन भाग झाले. वरच्या वाडीला, म्हणजे बागायतदारांना, कंपनी हवी होती; रस्ता येईल, मुलांना काम मिळेल. पुरुषांच्या ग्रामसभेने होकार दिलाही. पण महिला ग्रामसभेचा होकार वेगळा लागणार होता, आणि तिथे खालच्या वाडीतल्या बायका जास्त होत्या. त्या सगळ्या एक राहिल्या असत्या तर कंपनीला परत जावं लागलं असतं. त्यांना एक ठेवणं दर्शनाचं काम होतं, आणि ते तिला येत होतं.

अडचण एकच होती. मृणाल राहायला होती खालच्या वाडीतल्याच विशाखा धुरीच्या घरी.

विशाखा आणि दर्शना यांचं नातं कुठल्या शब्दात बसणारं नव्हतं. दोघींचे नवरे, विशाखाचा नितीन आणि दर्शनाचा महेंद्र, एकाच होडीवर होते. तीन पावसाळ्यांपूर्वी अवेळी उठलेल्या वादळात ती होडी उलटली. महेंद्र खूप दिवसांनी दक्षिणेला कारवारच्या बाजूला सापडला, अंगात तरंगायचं जॅकेट तसंच. नितीन सापडलाच नाही. पदरी एक मुलगी होती, म्हणून तेव्हापासून विशाखाने मागची खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली होती.

"तिला दुसरीकडे जायला सांग," दर्शना विशाखाच्या पडवीत बसून म्हणाली. "लोक बोलतत."

"लोकांका काम काय?" विशाखा बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "बरी पोर आसा. जेवान आवडता तिका माझा. मत मी तुझ्यावांगडाच देतलंय. तुका माझो भरवसो नाय?"

"आसा गो."

तेवढ्यात मृणाल बाहेर आली. दर्शनाला बघून ती क्षणभर बिचकली, मग आत जाऊन काहीतरी घेऊन आली. नारळाएवढा एक काळा, गुळगुळीत गोळा. तिने तो दर्शनाच्या हातात दिला. जड होता.

"हा उपग्रह," ती म्हणाली. "गोफणीत फिरताना याचं वजन आठ-दहा हजार पटीने वाढतं. माणूस क्षणात मरेल. म्हणून आतलं सगळं राळेत घट्ट ओतून बसवलेलं असतं. आमची गोफण माणसं पाठवू शकत नाही. हे असले नारळच पाठवू शकते, पण हजारोंनी."

"कशाक इतके?"

"ऐकायला." मृणाल पायरीवर बसली. "जॅकेटला शिवता येईल एवढा बटणासारखा एक यंत्राचा तुकडा आहे. पाणी लागलं की तो आपोआप हाक मारायला लागतो. पण त्याचा आवाज फार क्षीण. वरचे मोठे उपग्रह लांब आहेत, त्यांना तो ऐकू येत नाही. त्यासाठी अगदी खालून फिरणारे कान हवेत. इतक्या खाली थोडी हवा असतेच, तिला घासून ते वर्षभरात जळून पडतात. सतत नवे पाठवावे लागतात. रॉकेटने ते परवडत नाही. गोफणीने परवडतं."

दर्शनाच्या हातातला गोळा गार होता. कारवारच्या डॉक्टरने तिला सांगितलेलं एक वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचे पती बुडून गेले नाहीत, तो म्हणाला होता; ते दोन दिवस तरी पाण्यात जिवंत होते. तहानेने गेले.

"समजा एक माणूस पाण्यात आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "किती वेळात ऐकू येईल?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

विशाखाचा कोयता बांगड्यावर थांबला. दर्शनाने गोळा परत दिला आणि ती घरी गेली.

मतदानाच्या आदल्या सकाळी खालच्या वाडीतल्या सगळ्या बायका वाळूत जमल्या. दर्शनानेच ठरवलं होतं. सुकत घातलेल्या रापणीच्या दोरावर एकेकीने हात ठेवला आणि 'नको' म्हणायचं वचन दिलं. म्हाताऱ्या रजनीकाकीने सगळ्यात आधी हात ठेवला. विशाखाने ठेवला. शेवटी दर्शनाने ठेवला आणि ती म्हणाली, "जी फिरतली ती आमची नाय." बायकांनी तिचं वाक्य मोठ्याने परत म्हटलं.

ती खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पडद्याआड उभी राहिली तेव्हाही तिला 'नको'च म्हणायचं होतं. समोरच्या काचेवर दोन चौकोन होते. तिने अंगठा उचलला, आणि तिला महेंद्र दिसला. पाण्यावर तरंगणारा, ओठ फुटलेला, दुसऱ्या दिवशीचं ऊन डोक्यावर. तो हाका मारत होता आणि कुणाला ऐकू येत नव्हतं.

अंगठा 'हो'वर पडला. बारीक टिंग असा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा रांगेतल्या बायका तिच्याकडे बघून हसल्या आणि तीही हसली. अंगठा मात्र तिने पदरात गुंडाळून घेतला होता.

ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला.

सरपंचांनी आकडे वाचले तेव्हा खालच्या वाडीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हिशेब साधा होता. काहीजणी फिरल्या होत्या. शाळेच्या आवारातल्या आंब्याखाली सगळ्या गोळा झाल्या. कुणीतरी म्हणालं, "पावणी कोणाच्या घरात होती?" आणि सगळ्या माना विशाखाकडे वळल्या.

"मिया नको म्हटलंय," विशाखा म्हणाली.

"भाडा खातंस तेंचा, आणि नको म्हणतलंस?" रजनीकाकी कडाडली. "दर्शना, तू सांग गो. तू मोठी आमची. कोण फिरला?"

दर्शना काहीच बोलली नसती तरी कदाचित भागलं असतं. पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि तिला वाटलं की आणखी क्षणभर बघत राहिल्या तर त्यांना कळेल.

"जेचा तेका ठावक," ती म्हणाली, आणि तिने विशाखाकडे पाहिलं.

एवढंच. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. पण सगळ्यांनी ते पाहणं पाहिलं. विशाखानेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी ओळखीच्या माणसाने भर बाजारात ओळख दाखवू नये तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती चपला घालून निघून गेली.

गोफण उभी राहायला दीड वर्ष लागलं. पहिलं उड्डाण झालं तेव्हा समुद्र सकाळपासून होड्यांना बंद होता. सायरन वाजला, सड्यावरून घरघर सुरू झाली, हळूहळू चढत चढत सुईसारखी बारीक झाली, आणि मग आभाळ मधोमध फाडल्यासारखा आवाज आला. कौलं थरथरली. माडांवरचे कावळे एकदम उठले आणि दुपारपर्यंत परतले नाहीत.

मासळीही तशीच पांगली. पहिल्या काही महिन्यांत रापण अर्धी यायला लागली, मग पाव. मृणालने पाण्यात ऐकण्याची यंत्रं सोडली आणि जे निघालं ते ग्रामसभेत लपवाछपवी न करता सांगितलं. थवे खोल जात होते आणि प्रत्येक उड्डाणानंतर परतायला अधिक वेळ घेत होते. कंपनीने भरपाई सुरू केली. लोकांनी ती घेतली. पण किनाऱ्यावर जाळं ओढून रिकामं निघण्याची भरपाई कशी करतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

विशाखाला दोराला हात लावू दिला जात नव्हता. तसा ठराव कुणी केला नव्हता. ती आली की दोन बायका अशा उभ्या राहत की मध्ये जागा उरत नसे. वाटे करताना तिच्या घराचं नाव कुणी घेत नसे. काही दिवस ती येऊन कडेला उभी राहिली. मग यायची थांबली, आणि लांबच्या बाजारातून मासळी विकत आणून खारवून विकू लागली. समुद्राकाठच्या बाईने मासळी विकत आणायची यापेक्षा मोठी मानहानी त्या वाडीत नव्हती. दर्शना हे सगळं रोज बघत होती. वाटे तीच करत होती.

कितीदा तरी ती ठरवून घरातून निघाली. एकदा विशाखाच्या फाटकाशी पोचली, तेव्हा विशाखा अंगणात मीठ चोळत होती. दर्शनाने विचारलं, "मीठ खंयसून आणलंस?" विशाखाने दुकानाचं नाव सांगितलं. दर्शना परत आली. वाटेत तिला स्वतःची इतकी किळस आली की ती विहिरीपाशी बसून राहिली.

मग वैशाखात वादळ झालं.

रजनीकाकीचा मुलगा सुबोध आणि त्याच्याबरोबरचे तिघे खोल समुद्रात होते. होडी उलटल्याचं गावाला कळलं तेव्हाच त्यांना उचलल्याचंही कळलं. चौघांच्या जॅकेटला मृणालने सांगितलेली ती बटणं होती. वरून फिरणाऱ्या कुठल्यातरी नारळाने पहिल्या काही मिनिटांतच हाक ऐकली आणि तटरक्षकांचं हेलिकॉप्टर पोचलं. एकजण हात मोडून आला. बाकीचे चालत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वाडी देवळासमोर होती. मृणालला हार घातले गेले. ती रडत होती, बायका तिचा चेहरा कुरवाळत होत्या. दर्शनाला वाटलं, छाती हलकी व्हायला हवी. ज्यासाठी तिने 'हो' म्हटलं होतं ते झालं होतं. पण हलकं वाटेना.

तेवढ्यात रजनीकाकी गर्दीतून सरळ कडेला उभ्या असलेल्या विशाखाकडे गेली. हातात नारळ आणि ओटीचं सामान होतं. विधवेची ओटी भरत नाहीत याची तिने पर्वा केली नव्हती.

"बाय माझे," रजनीकाकी म्हणाली. "आमी तुका वायट वागवलव. पण तू हो म्हटलंस म्हणान माझो झील आज हयसर उभो आसा. घे."

विशाखाने ओटी घेण्यासाठी पदर पुढे केला नाही.

"काकी, सुबोध वाचलो, माका बरा वाटला. पण ह्या माझा न्हय. मिया नको म्हटलंय."

"अगो, आता लाजतंस कित्याक?" कुणीतरी हसून म्हणालं. "आता कोण रागावता तुका?"

बाकीच्याही हसल्या, प्रेमाने. रजनीकाकीने ओटी तिच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. विशाखाने दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माझा न्हय म्हणतंय ना!"

नारळ खाली पडून घरंगळत गेला. विशाखा गर्दीतून वाट काढत घरी गेली. जाताना तिने दर्शनाकडे पाहिलंही नाही.

त्याच दुपारी दर्शना तिच्या पडवीत गेली. या वेळी मीठ आठवायला वेळ मिळू नये म्हणून ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ता मत माझा होता. मिया हो म्हटलंय."

विशाखा चटईवर बसली होती.

"महेंद्र दोन दिवस जिवंत होतो पाण्यात," दर्शना म्हणाली. मग तिला थांबता येईना. डॉक्टरचं वाक्य, अंगठा, आंब्याखाली पाहिलं ते, सगळं तिने सांगितलं. "माका कळला नाय मी काय करतंय ता."

"नितीन पण त्याच होडीत होतो," विशाखा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "महेंद्र दोन दिवस होतो. माझो किती दिवस होतो? माका कोण सांगतलो? माझो तर गावलोच नाय. त्या पोरीन 'दहा मिनिटां' म्हटल्यार मिया रातभर निजलंय नाय. तरी नको म्हटलंय."

"कित्याक?"

"तू सांगलंस म्हणान."

दर्शनाला वाटलं, विशाखाने आपल्याला मारलं असतं तर बरं. ती पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि या घरात रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. विशाखा उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

दर्शनाला खात्री होती की संध्याकाळपर्यंत गावभर होईल. झालं नाही. दुसऱ्या दिवशीही पाणवठ्यावर बायका नेहमीसारखीच जागा करून देत होत्या. विशाखाने कुणालाही सांगितलं नव्हतं. तिने ते सांगणं दर्शनावरच सोडलं होतं.

त्या आठवड्यात उड्डाण नव्हतं, म्हणून रापण टाकली. थोडी तारली आली. वाटे करायला दर्शना उभी राहिली, बायका टोपल्या घेऊन भोवती जमल्या, आणि ती म्हणाली, "वाटे दुसरी कोण तरी करांदेत. माका तो अधिकार नाय. मतदानात मिया हो म्हटलंय. विशाखा खरा सांगी होती. आंब्याखाली मी तिच्याकडे बघलंय ता जाणूनबुजून बघलंय."

दर्शना शिव्यांची वाट बघत होती. तिला त्या हव्या होत्या. पण बायका तिच्याकडे बघतच नव्हत्या. कुणी टोपलीत बघत होती, कुणी वाळूत पायाने रेघा ओढत होती.

मग रजनीकाकी पुढे आली आणि तिने दर्शनाच्या दंडावर जोराने चापटी मारली.

"आता सांगतंस?" ती ओरडली. तिचे डोळे भरले होते. "तवा गप रवलंस! तू गप रवलंस म्हणान मिया पण गप रवलंय. माका वाटला, मोठी माणसां विशाखाचा नाव घेतत, घेंवदेत. माझो एकुलतो एक झील दर्यात जाता गो. मिया पण हो म्हटलंय. आणि तिच्याच फुडे ओटी घेवन गेलंय! तिच्याच!"

मागून कुणीतरी हुंदका दिला. तो कुणाचा हे बघायला दर्शनाने मान वळवली नाही.

तारली वाळूत तशीच सोडून त्या निघाल्या. चला असं कुणी म्हटलं नाही. किनाऱ्यावरून, माडांमधून, विशाखाच्या अंगणापर्यंत चालत गेल्या.

विशाखा दाराशी अंगणात मूठभर मीठ घेऊन मासळी खारवत होती. इतक्या बायका फाटकातून आत येताना बघून ती आधी घाबरली. तिचा रिकामा हात नकळत दाराच्या कडीकडे गेला. त्या हाताकडे बघून दर्शनाची मान खाली गेली.

"मी सांगलंय तेंका," दर्शना म्हणाली.

"बरा केलंस." विशाखाची नजर तिच्या मागे गेली, रजनीकाकीवर, तिच्यामागच्या घोळक्यावर. "मगे ह्यो सगळ्यो कशाक इल्यो?"

रजनीकाकीने पदराने तोंड पुसलं आणि 'हो' म्हटल्याचा हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा, खांद्याच्या थोडासा वर.

मग मागे आणखी एक हात वर गेला, बांगडी वाजली. मग दुसरी.

विशाखा एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत राहिली. यातल्या कुणी तिला दोरापासून दूर ठेवलं होतं, कुणी तिच्या मुलीला लग्नाच्या पंक्तीतून उठवलं होतं. हात वर होत राहिले, आणि तिच्या मुठीतलं मीठ बोटांमधून हळूहळू खाली गळत राहिलं.

"इतक्यो?" ती म्हणाली.